गॅलिपोलीचा पाणक्या

अ‍ॅलेक कॅम्पबेल १६ मे २००२ रोजी होबार्टमध्ये वारला तेव्हा १०३ वर्षांचा होता. आठवडाभराने त्याला शेवटचा निरोप दिला गेला त्या दिवशी ऑस्ट्रेलियाभर झेंडे अर्ध्यावर उतरवले होते. पंतप्रधान जॉन हॉवर्ड चीनचा दौरा आटोपता घेऊन परतले होते. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोली द्वीपकल्पावर लढलेल्या ऑस्ट्रेलियन शिपायांपैकी हा शेवटचा उरलेला. आणि या माणसाने तिथे दोनेक महिन्यांत केलं काय, तर मुख्यतः पाणी आणि दारूगोळा वाहिला. मग आजारी पडला आणि घरी गेला.

माझ्या मामांना हा माणूस ठाऊक झाला तो टपाल तिकिटामुळे. ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने २००० साली हयात असलेल्या शेवटच्या अँझॅक, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्यदलातल्या, शिपायांची तिकिटं काढली होती: वॉल्टर पार्कर, रॉय लाँगमोर आणि अ‍ॅलेक कॅम्पबेल. मामा आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले, गाव साताऱ्याकडचं, तिकिटं जमवायचा नाद जुना. तुर्कस्तानला जायचं ठरलं तेव्हा बाकीच्यांनी इस्तंबूल आणि कापादोकियाचे फुगे मागितले. मामांनी फक्त गॅलिपोली मागितलं, तेही नोव्हेंबरात. "तो पोरगा नोव्हेंबरात उतरला होता. थंडी कशी लागते ते बघू," म्हणाले. सोबतीला मी.

चनक्कलेहून फेरीबोटीने एजेआबातला उतरलो. दार्दानेल्सची ही सामुद्रधुनी एवढी अरुंद की पलीकडच्या किनाऱ्यावरच्या गाड्या मोजाव्यात. याच पाण्यातून इस्तंबूलकडे जायचा ब्रिटिश आणि फ्रेंच आरमाराचा बेत १८ मार्च १९१५ ला सुरुंगांनी आणि किनाऱ्यावरच्या तोफांनी उधळला. मग जमिनीवरून जाऊ म्हणून २५ एप्रिलला सैन्य उतरवलं. त्यातले ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे शिपाई द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगाला आरीबुर्नूपाशी उतरले, आणि आठ महिने जवळजवळ तिथेच अडकून पडले. लढाईचा इतिहास मी याहून जास्त सांगत नाही. तो सगळीकडे मिळतो.

एजेआबातमध्ये ठरवलेल्या टॅक्सीने डोंगर ओलांडून कबातेपेला आणि तिथून किनाऱ्याने उत्तरेला नेलं. ते सैन्य उतरलं तो अँझॅक कोव्ह पहिल्यांदा दिसला तेव्हा मी चालकाला विचारलं, पुढे अजून आहे ना? नव्हतं. एवढासाच पुळणीचा पट्टा, मागे लगेच रस्ता आणि रस्त्याला चिकटून उभा मातकट डोंगर. हजारो माणसांचं रेशन, गोळे, खेचरं, जखमी आणि आजारी याच पट्टीवरून आत-बाहेर होत होते. समोर समुद्रात इम्ब्रोस बेट, त्याच्यामागे धूसर सामोथ्राकी. वारा ईशान्येचा, पोयराज म्हणतात त्याला. मामांनी मफलर कानावर ओढून घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो लष्करी माणसाचा नव्हता, दवाखान्यातल्या माणसाचा होता. "संडास कुठं होते यांचे?"

हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. जागा इतकी कमी की खंदक, स्वयंपाक, संडास आणि प्रेतं सगळं हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात माश्यांनी हैदोस घातला. बिस्किटावर जाम लावून तोंडात घालेपर्यंत त्यावर माश्या बसत, असं शिपायांनी घरच्या पत्रांत लिहिलंय. खायला डब्यातलं खारट गोमांस आणि दात पाडणारी बिस्किटं, ताजी भाजी जवळपास नाहीच. हगवण, विषमज्वर, मग शरदात कावीळ. त्या मोहिमेत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने गोळी लागून हलवलेल्यांपेक्षा आजारी पडून हलवलेली माणसं जास्त होती. माणसं दिवसातून कितीदा तरी लटपटत्या पायांनी उतारावरच्या चरापर्यंत जात, आणि तरी पहाऱ्यावर उभी राहत, कारण जागा घ्यायला दुसरं कोणी नसे. यातलं काहीही इथल्या पुतळ्यांत दिसत नाही. पुतळ्यांत सगळे धडधाकट आहेत.

अ‍ॅलेक मात्र माश्यांचा हंगाम संपल्यावर आला. जन्म २६ फेब्रुवारी १८९९, लॉन्सेस्टनचा. विमा कंपनीत कारकून होता. १९१५ च्या जुलैच्या सुमारास भरती झाला तेव्हा १६ वर्षांचा. कागदावर त्याने १८ वर्षं ४ महिने लिहिले. दाढीचा पत्ता नव्हता, त्यामुळे बरोबरीचे त्याला पोरगाच म्हणत. त्याचा एक चुलत भाऊ आधीच गॅलिपोलीत मेलेला, म्हणजे घरच्यांच्या जिवाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. त्याला १५ व्या बटालियनमध्ये घातलं. ही पलटण क्वीन्सलँड आणि टास्मानियाच्या माणसांची, ऑगस्टच्या लढायांत पार झिजलेली. लेम्नोस बेटावर विश्रांती घेऊन ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला परत आली, आणि रिकाम्या जागा भरायला अ‍ॅलेकसारखी कोवळी पोरं आली.

त्याची पलटण अँझॅकच्या उत्तरेकडच्या डोंगरांत होती. तिकडे आता झाडी माजलीय. म्हणून आम्ही दक्षिणेकडची आर्टिलरी रोडची वाट धरली. किनाऱ्यावरून निघून शेल ग्रीन दफनभूमीवरून ती लोन पाइनच्या स्मारकाला चढते. उंची म्हणाल तर शे-सव्वाशे मीटर, म्हणजे सिंहगड चढणाऱ्याला हसू येईल. पण वाटेच्या दोन्ही बाजूंना घळी बघितल्या की हसू जातं. माती भुसभुशीत, पावसाने चिरलेली, खुरट्या ओकच्या काटेरी झुडपांनी भरलेली. त्यातून रोजमेरीचा वास येतो, रानात आपोआप वाढते इथे.

मामांनी एक खेळ केला. पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन एजेआबातहून घेतले होते, ते दोन हातांत धरून ते चढायला लागले. वय ६८. मी म्हटलं, "मामा, द्या इकडं, तुमचा गुडघा दुखतोय." ते म्हणाले, "अगं थांब, कळू दे की." दुसऱ्या वळणावर त्यांनी कॅन खाली ठेवले आणि हाताच्या तळव्यांवरच्या लाल रेघा मला दाखवल्या. शिपाई वाहत ते रॉकेलचे डबे, यापेक्षा जड, आणि बऱ्याचदा अंधारात, कारण दिवसा उघड्यावर दिसलं की नेमबाज टिपत. या डोंगरात प्यायचं पाणी फारसं नव्हतंच. बरंचसं इजिप्तहून बोटींनी यायचं, किनाऱ्यावर टाक्यांत चढायचं आणि तिथून माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवर वर जायचं. माणशी दिवसाला दोनेक लिटर, कधी त्याहूनही कमी. त्यातच पिणं, चहा, दाढी आणि जमलं तर धुणं. बहुतेक जण आंघोळीला सरळ समुद्रात उतरत, वरून शार्पनेल फुटत असलं तरी.

खेचरं आपल्याकडची होती. हिंदुस्थानी सैन्याच्या खेचर तुकड्या आणि डोंगरी तोफखान्याच्या दोन बॅटऱ्या अँझॅकच्या बरोबर होत्या, २६ वी जेकब्ज आणि २१ वी कोहाट. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर उतरलेल्या पहिल्या तोफा या जेकब्जच्याच. हे लोक मुख्यतः पंजाबचे, शीख आणि मुसलमान. गाढवावरून जखमी वाहणारा सिम्पसन त्यांच्याच तळावर राहायचा, त्यांच्याबरोबर जेवायचा. बिस्किटांना कंटाळलेल्या ऑस्ट्रेलियनांना चपातीचं केवढं अप्रूप होतं, ते मला त्या चढणीवर अगदी पटलं. आमच्या पिशवीत मेथीचे ठेपले होते.

मराठे इथे नव्हते. ते त्याच हिवाळ्यात, त्याच तुर्की सैन्यापुढे, पण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होते. अ‍ॅलेक इथे पाणी वाहत होता तेव्हा, १९१५ च्या डिसेंबरात, तिथल्या कुत गावाला वेढा पडला आणि त्यात ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री सापडली. एप्रिलअखेर शरणागती. उपासमार, स्कर्व्ही, हगवण आणि नंतरची कैद यांत जे मेले त्यांच्या घरांत आमच्या तालुक्यातलीही घरं आहेत. मामा तेवढं बोलले आणि पुढे चालायला लागले.

नोव्हेंबरच्या अखेरीला इथे वादळ आलं. आधी पाऊस, मग हिमवर्षाव. कित्येक ऑस्ट्रेलियनांनी बर्फ जन्मात पहिल्यांदा बघितला. उत्तरेला सुव्लाच्या सखल खंदकांत पाणी भरलं आणि गोठलं. तिथे दोनशेहून जास्त माणसं बुडून आणि गारठून मेली, हजारोंना हिमदंश झाला. अँझॅकच्या उंच भागात त्या मानाने निभावलं. तोवर माघारीचा निर्णय होतच आला होता. डिसेंबरात रात्री-रात्री माणसं उतरवली, बुटांना फडकी गुंडाळून. मागे पाण्याच्या ठिबकीवर आपोआप उडणाऱ्या रायफली ठेवल्या, म्हणजे खंदकात माणसं आहेत असं वाटावं. २० डिसेंबरच्या पहाटे अँझॅक रिकामा झाला. सगळ्या मोहिमेत नीट पार पडलेली गोष्ट ही एवढीच, असं माझं मत आहे. आठ हजारांवर ऑस्ट्रेलियन मेले होते. तुर्कांचे याच्या दसपट.

अ‍ॅलेक या माघारीत सुखरूप निघाला. पुढे त्याला ताप भरला आणि तापाने अर्ध्या चेहऱ्यावरून वारं गेलं. लोन पाइनच्या कठड्यावर बसून मामांनी मला याचा अर्थ समजावला. चेहऱ्याची नस सुजते, अर्धं तोंड लोंबतं. एका बाजूचा डोळा मिटत नाही, झोपतानाही नाही. कोरडा पडतो, धूळ जाते. घोट घेतला की ओठाच्या कोपऱ्यातून गळतो. शीळ घालता येत नाही. "बहुतेकांचं काही महिन्यांत आपलं आपण उतरतं. पण तेव्हा १७ वर्षांच्या पोराला आरसा दाखवून हे कोण सांगणार?" मामांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवून एक बाजू खाली ओढून दाखवली. शेजारच्या तुर्की शाळेच्या सहलीतल्या मुली फिदीफिदी हसल्या.

त्याला बोटीने घरी पाठवलं. २२ ऑगस्ट १९१६ रोजी सैन्यातून रीतसर मोकळा केला. वय १७. याच ऑगस्टमध्ये त्याची १५ वी बटालियन फ्रान्समध्ये पोझिएरच्या तोफमाऱ्यात होती. पुढच्या एप्रिलमध्ये बुलकूरला त्यांच्या चौथ्या ब्रिगेडची ३,००० पैकी २,३३९ माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. "म्हणजे तापाने वाचवला त्याला," मी म्हटलं. मामांना हे पटलं नाही. हॉस्पिटलात आयुष्य काढलेल्या माणसाला तापाचे उपकार मानणं जमत नाही. "तापात गेलेलेपण इथंच आहेत की," म्हणाले आणि मागच्या भिंतीकडे हात केला.

ते खरं होतं. लोन पाइनच्या स्मारकावर ४,९०० हून जास्त नावं आहेत, ज्यांची कबर सापडली नाही अशांची. त्यात लढाईत बेपत्ता झालेले आहेत, तसेच इथून जखमी किंवा आजारी होऊन जहाजावर चढवलेले आणि वाटेत मेल्यावर समुद्रात सोडलेलेही आहेत. दगडावर गोळीचं नाव आणि हगवणीचं नाव वेगळं ओळखू येत नाही. हे मला त्या सगळ्या द्वीपकल्पावरचं सगळ्यात प्रामाणिक काम वाटलं. जहाजं जात ती बहुतेक लेम्नोसला. तिथे मुद्रोसच्या बंदराशी ऑस्ट्रेलियन नर्सेस ऑगस्टमध्ये पोचल्या तेव्हा तंबूसुद्धा आले नव्हते. पट्ट्यांसाठी त्यांनी स्वतःचे परकर फाडले. मामांना हे ऐकून राग आला, अगदी काल घडल्यासारखा. "स्टोअरकीपर कोण होता?"

अ‍ॅलेक पुढे ८६ वर्षं जगला. सुतारकाम केलं, कॅनबेऱ्यात जुन्या संसद भवनाच्या बांधकामावर राबला, रेल्वे कामगारांच्या संघटनेचा पुढारी झाला. पन्नाशी उलटल्यावर अर्थशास्त्राची पदवी घेतली. सिडनी ते होबार्टच्या शिडाच्या बोटींच्या शर्यतींत भाग घेतला. दोन लग्नं, नऊ मुलं. गॅलिपोलीबद्दल फार बोलायचा नाही. बाकीचे एकेक करत गेले आणि शेवटी सगळ्या देशाचं प्रेम एकट्याच्या अंगावर आलं, ती संचलनं, मुलाखती, शाळेच्या मुलांची पत्रं. दोनेक महिन्यांच्या पाणी वाहण्याबद्दल एवढं कौतुक म्हणजे त्याला अवघडल्यासारखंच होत असणार, असा माझा आपला अंदाज.

कोणाला जायचं असेल तर २५ एप्रिल आणि १८ मार्च टाळा. त्या दिवसांत गर्दी असते आणि एप्रिलच्या पहाटेच्या कार्यक्रमाला आधी नोंदणी लागते. इस्तंबूलहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या बसगाड्या असतात, पण त्यात बराचसा वेळ नुसता रस्त्यात जातो आणि प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतं थांबवतात. त्यापेक्षा चनक्कलेला दोन रात्री राहा. चालायचे बूट न्या, आर्टिलरी रोडवर पावसानंतर चिखल होतो. वर चुनुक बाइरच्या शिखरापर्यंत गाडी जाते, गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच करू नये. मामांनी केला, आणि दुसरा दिवस त्यांनी हॉटेलात गरम पाण्याची पिशवी घेऊन काढला.