पुराचं काम, पण मजुरी कायद्याची

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पुढचं वर्षभर आम्हा गवंडी-मजुरांच्या हाताला कामच काम होतं. मी तालुक्यातल्या एका रस्त्याच्या संरक्षक भिंतीवर लागलो. काम सरकारी, ठेकेदार बाहेरचा. पहिल्याच पगाराला तो म्हणाला, "पुराचं काम आहे, सगळ्यांनीच थोडं सोसायचं." घमेली वाहणाऱ्या बायकांना तर पुरुष बिगाऱ्यांपेक्षाही कमी दिले.

मला हे पटेना. किमान वेतन ठरतं ते काम कुशल, अर्धकुशल की अकुशल यावर. त्यात बाई-पुरुष असा भेद नाही. मूळ दरावर महागाईपोटी विशेष भत्ता चढतो, तोही दर सहा महिन्यांनी बदलतो. कमी मजुरी मान्य असल्याचं कोणी लिहून घेतलं, तरी ते कायद्यापुढे टिकत नाही.

कामगार कार्यालयात साहेबांनी आधी मस्टरचं, म्हणजे हजेरी-पगाराच्या वहीचं विचारलं. मस्टर ठेकेदाराकडे, आणि त्यावर पुरा दर लिहून पुढे आमच्या सह्या-अंगठे घेतलेले. तिथे कामी आलं एका काकींच्या घरचं कॅलेंडर. दुधाच्या हिशोबाशेजारी, त्याच चौकोनात, रोजची हजेरी आणि शनिवारी हातात पडलेली रक्कम त्यांनी पेन्सिलीने मांडली होती. काहींना मुकादमाने फोनपेवर पैसे पाठवलेले, त्या नोंदी जुळल्या. तेव्हाच्या कायद्याने दावा सहा महिन्यांत लावावा लागे, पण सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालला, हे फार बरं झालं. एकट्या बाईला तारखा परवडल्या नसत्या.

ठेकेदाराचा धोशा एकच, हे आपत्तीचं काम. आमच्या वकीलबाईंनी १९८३ चा संजित रॉय खटला पुढे ठेवला. राजस्थानातल्या दुष्काळी कामावरच्या मजुरांचा तो निकाल: किमान वेतनाहून कमी देऊन राबवणं म्हणजे घटनेच्या कलम २३ ने बंद केलेली वेठबिगारी. माणूस संकटात आहे म्हणून त्याचा घाम स्वस्त होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने तेव्हाच सांगितलंय.

काम देणाऱ्या विभागालाही आम्ही पत्र दिलं होतं. ठेकेदाराचं शेवटचं बिल तिथे अडलं, तेव्हा कुठे तो तडजोडीला आला. फरकाच्या दहापट भरपाईची कायद्यात सोय होती. तेवढी मिळाली नाही, पण फरक सगळ्यांच्या खात्यात पडला, बायकांनाही त्याच दराने. मजुरांना सरकारी योजना देणाऱ्या बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला मात्र त्याने दिला नाही. तो आम्ही ग्रामसेवकांकडून घेतला.