ग्लॉकचं सोडा, नळीचं विचारा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. फॉर्म्युला वनच्या २००८ च्या मोसमाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो: "टिमो ग्लॉकने शेवटच्या वळणावर वाट दिली म्हणूनच हॅमिल्टन चॅम्पियन झाला ना? बिचाऱ्या मासाचं नशीबच फुटकं!" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं, नुसती मान डोलावून हवी असते. तरी या वेळी उत्तर पूर्ण देतो, म्हणजे निदान ग्लॉकची तरी सुटका होईल.

मोसमातली शेवटची शर्यत ब्राझीलच्या इंटरलागोसला होती. तिथे जाताना मॅक्लारेनच्या हॅमिल्टनचे ९४ गुण होते, फेरारीच्या मासाचे ८७. तेव्हा पहिल्या आठ जणांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळत. मासा जिंकला की ९७. हॅमिल्टन पाचवा आला तर ९८, सहावा आला तर ९७. बरोबरी झाली तर विजय मोजायचे, आणि तिथे मासा सहा-पाच असा पुढे. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी बघत नाही.

७१ लॅपच्या (फेऱ्यांच्या) शर्यतीत पाच-सहा लॅप उरले असताना पाऊस परत आला. तेव्हा मासा, अलोन्सो, रायकोनेन पुढे, हॅमिल्टन चौथा, फेटेल पाचवा आणि ग्लॉक त्यांच्या मागे. पुढचे सगळे इंटरमीडिएट, म्हणजे हलक्या पावसाचे, टायर घ्यायला पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) गेले. ग्लॉकच्या संघाने, टोयोटाने, मात्र आपल्या दोन्ही गाड्या कोरड्या टायरवर बाहेरच ठेवल्या. त्यामुळे ग्लॉक चौथ्या जागी चढला आणि हॅमिल्टन पाचव्यावर आला. मग एक लॅप मागे असलेला कुबिका पुढे घुसला, त्याच्या नादात हॅमिल्टन वळणावर बाहेरच्या बाजूला गेला, फेटेलने संधी साधली आणि हॅमिल्टन सहावा झाला. मासा शर्यत जिंकला, पण शेवटच्या वळणावर हॅमिल्टनने ग्लॉकला मागे टाकून पाचवी जागा घेतली आणि एका गुणाने चॅम्पियन झाला. आता कागद-पेन्सिल घ्या. टोयोटाने इतरांसारखेच टायर बदलले असते तर ग्लॉक मागेच राहिला असता, आणि फेटेल पुढे जाऊनही हॅमिल्टन पाचवाच असता. ग्लॉकने हॅमिल्टनला काही दिलं नाही. जुगार खेळून उसनी घेतलेली जागा पावसाने त्याच्याकडून परत घेतली, एवढंच.

आणि "मुद्दाम" म्हणणाऱ्यांसाठी: २००८ मध्ये कोरडे टायरही खाचांचे होते. ओल्या रस्त्यावर ते तापत नाहीत, आणि थंड रबर पकड सोडतं. ट्रॅक्शन कंट्रोलवर त्याच मोसमापासून बंदी आली होती, म्हणजे मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली की ती आवरायची फक्त पायाने. शेवटचा लॅप सुरू झाला तेव्हा ग्लॉक दहा सेकंदांहून जास्त पुढे होता. तशा टायरवर, तशा पावसात, एका लॅपमध्ये तेवढं आरामात जातं. आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. पेंगुळल्या डोळ्यांना पांढरी टोयोटा रांगताना दिसली आणि कटाची गोष्ट जन्माला आली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

मग नशिबाचा वाटा नव्हताच का? होता. पण तो कुठे होता, यावर माझं स्वतःशीच भांडण आहे.

पूर्वी मी ठासून सांगत असे की १८ शर्यतींत नशीब समसमान वाटलं जातं. आज तुझं इंजिन, उद्या माझं. हे चूक होतं, आणि चूक साध्या हिशोबाची होती. २००८ च्या गुणांनी आघाडीवर असताना गाडी बंद पडली की १० गुण जातात. पुढच्याची गाडी बंद पडली की दुसऱ्याला मिळतात २ आणि पाचव्याला फक्त १. दैव घेताना मूठभर घेतं, देताना चिमूटभर. त्यातून दहाव्या जागेवर धावणाऱ्याचं इंजिन फुटलं तर त्याचं काहीच जात नाही. म्हणजे जो जास्त वेळा पुढे असतो त्यालाच दुर्दैव जास्त महाग पडतं. २०१६ मध्ये सेपांगला हॅमिल्टन आघाडीवर असताना इंजिन पेटलं, गेले २५ गुण (तोवर विजयाचे गुण २५ झाले होते). रॉसबर्गने ते विजेतेपद ५ गुणांनी जिंकलं. एका मोसमात हा हिशोब जुळायला वेळच मिळत नाही. १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉसने चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एक. चॅम्पियन झाला हॉथॉर्न, एका गुणाने.

हे मान्य केलं की लोक लगेच उचल खातात: "म्हणजे मासा कमनशिबीच!" थांबा. आता नळीकडे, म्हणजे इंधन भरायच्या नळीकडे येऊ.

२८ सप्टेंबर २००८, सिंगापूर, फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत. मासा पोलवरून, म्हणजे सगळ्यांच्या पुढून सुटला आणि आघाडी घेऊन आरामात पुढे होता. १५ व्या जागेवरून सुटलेल्या अलोन्सोला रेनोने १२ व्या लॅपलाच इंधन भरायला आत बोलावलं, आणि १४ व्या लॅपला त्याच संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरने गाडी भिंतीवर घातली. सेफ्टी कार (सगळ्यांना आपल्या मागे हळू चालवणारी गाडी) आली. ती टक्कर ठरवून केलेली होती हे पुढच्या वर्षी बाहेर आलं. त्याबद्दल वेगळं बोलायला हवं, पण आत्ता यांत्रिक बाजू बघा.

त्या काळच्या नियमाप्रमाणे सेफ्टी कार आली की पिट बंद होत असे. धोक्याचे पिवळे झेंडे हलत असताना चालक पिट गाठायला सुसाट पळत, ते थांबवायला २००७ मध्ये हा नियम आणला होता. सगळ्या गाड्या सेफ्टी कारच्या मागे रांगेत आल्या की मगच पिट उघडायचा. परिणाम काय? इंधन भरायचं राहिलेले झाडून सगळे एकाच लॅपला आत. ज्यांची टाकी तोवर थांबायला तयार नव्हती ते बंद पिटमध्ये शिरले आणि त्यांना दंड बसला. रॉसबर्ग त्यातलाच, आणि तरीही तो दुसरा आला! नशीब शोधायचंच असेल तर तिथे शोधा.

१७ व्या लॅपला पिट लेनमध्ये गर्दी उसळली. फेरारीच्या दोन्ही गाड्या एकदमच आत आल्या. मासाचं काम चाललेलं, रायकोनेन मागे खोळंबलेला. बाकीचे बहुतेक संघ तेव्हा चालकाला सोडायला लांब दांड्याची गोल पाटी वापरत, तिला लॉलीपॉप म्हणतात. पाटी धरणारा माणूस गाडीसमोर उभा असे. टायर झाले, नळी निघाली आणि लेन मोकळी आहे हे डोळ्यांनी बघून तो पाटी उचलत असे. फेरारीने त्याऐवजी दिवे लावले होते: लाल म्हणजे थांब, हिरवा म्हणजे नीघ. पाटी उचलायला लागणारा क्षणभराचा वेळ वाचावा हा हेतू. एरवी हे दिवे आपोआप बदलत, पण लेनमध्ये गर्दी असली की ते हाताने चालवायचे, कारण बाजूने कोण येतंय हे यंत्रणेला कळत नाही. त्या रात्री गर्दी होती, म्हणून बटण माणसाच्या हातात होतं. नळी अजून टाकीच्या तोंडात बसलेली असताना बटण दाबलं गेलं. हिरवा.

चालकाला मागचं दिसत नाही, तो दिव्याकडे बघून क्लच सोडतो. त्याचा दोष शून्य. तेव्हा इंधनाचं यंत्र सेकंदाला साधारण १२ लिटर ओतत असे, त्यामुळे नळी मनगटाएवढी नव्हे, दंडाएवढी जाड आणि वजनदार असे, आणि तिचं तोंड टाकीला खटक्याने पक्कं बसे. ते ओढून निघत नसे. म्हणून तोंड गाडीतच राहिलं आणि नळी यंत्रापासून उपटली गेली. एक मेकॅनिक आडवा झाला. मासा शेपटासारखी नळी ओढत, इंधन शिंपडत पिट लेनच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. लाल कपड्यांतली माणसं अख्खी लेन धावत गेली आणि सगळ्यांनी मिळून ती नळी उपसली. तोवर सगळी रांग निघून गेली होती. वर धोकादायक रीतीने गाडी सोडल्याबद्दल पिटमधून जाण्याचा दंड. पहिल्या जागेवरून शेवटच्या, आणि शेवटी १३ वा. हॅमिल्टन तिसरा, ६ गुण.

आता सांगा, यात नशीब कुठल्या कडीत आहे? टक्कर घडवलेली. पिटचा नियम सगळ्यांना सारखा. दोन गाड्या एकदम आणायच्या हा संघाचा निर्णय. दिवा संघाचा. बटणावरचं बोट संघाचं. आणि आधी इशारा मिळाला नव्हता असंही नाही. महिनाभर आधी वॅलेन्सियाला रायकोनेन हिरव्या दिव्याआधीच निघाला होता, इंधन भरणारा मेकॅनिक जखमी झाला होता. त्याच शर्यतीत मासाला पिटमधून असं सोडलं की तो आणि दुसरा चालक सुटिल शेजारी-शेजारी आले. एरवी वेळेचा दंड बसला असता, तिथे १०,००० युरोंवर भागलं आणि विजय शाबूत राहिला. मासाच्या कमनशिबाची यादी करणारे ही पावती फाडून टाकतात. सिंगापूरनंतर फेरारीने दिवे बाजूला ठेवले आणि पुन्हा पाटी हातात घेतली. जे नशीब असतं त्यावर असा उपाय सापडत नाही.

मात्र इथे मी थोडा कडक होतो हे कबूल. पिके आपटला नसता तर पिट बंद झाला नसता, गर्दी झाली नसती, दिवा आपोआपच बदलला असता. ही साखळी मासाच्या बाजूने खरी आहे, आणि २०२४ मध्ये तो लंडनच्या न्यायालयात गेला तो याच रागाने. शर्यतच रद्द धरली तर हॅमिल्टन ९२, मासा ९७. हिशोब बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या लबाडीला नशीब म्हणायचं नसतं, अन्याय म्हणायचं असतं. ते दोन वेगळे रकाने आहेत. आणि त्या लबाडीने सगळ्यांचाच क्रम विस्कटला. नळी मात्र एकाचीच अडकली.

यादी करायचीच तर पूर्ण करा. सिल्व्हरस्टोनच्या पावसात मासा पाच वेळा गिरकला आणि १३ वा आला. त्याच पावसात हॅमिल्टन तब्बल ६८ सेकंदांनी जिंकला. मलेशियात मासा दुसऱ्या जागेवरून एकटाच वाळूत गेला. मान्यी-कूरला रायकोनेनचा एक्झॉस्ट तुटला आणि विजय मासाच्या ओंजळीत पडला. स्पाला हॅमिल्टनला २५ सेकंदांचा दंड झाला आणि मासा बसल्या जागी पहिला झाला. हॅमिल्टनचंही लिहा: कॅनडात पिटमधून बाहेर पडायच्या तोंडाशी लाल दिव्यावर थांबलेल्या रायकोनेनवर मागून गाडी घातली, ही निव्वळ बेपर्वाई. उलट मोनॅकोत भिंतीला घासून टायर फोडला, म्हणून लवकर आत यावं लागलं, टाकी भरून घेतली, मग सेफ्टी कारने सगळ्यांना जवळ आणलं आणि चूकच डावपेच ठरून तो जिंकला. याला मी नशीब म्हणतो, आणि ते हॅमिल्टनचं होतं.

एक प्रसंग मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. ३ ऑगस्ट, हंगेरी. पहिल्याच वळणावर बाहेरून हॅमिल्टनला मागे टाकून मासाने त्या वर्षीची बहुधा सर्वात देखणी चाल केली. पुढे टायर फुटल्यामुळे हॅमिल्टन मागे घसरला आणि मासा बाद झाल्यावर शेवटी पाचवा आला. तीन लॅप उरले असताना मासाच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटला. तो शर्यत पुरी करता तर मासा १०७, हॅमिल्टन सहाव्या जागेच्या गुणांसह ९७. हॅमिल्टनचा टायरही फुटला नसता असं धरलं तरी १०७ आणि १०२. (त्या दिवशी दुसरा कोण आला? टिमो ग्लॉक. पण ते कुणी विचारत नाही.)

माझा जुना युक्तिवाद असा, की रॉड ही फेरारीने बनवलेली वस्तू आहे, तिचा दोष म्हणजे कारखान्याचा दोष. पुढच्याच शर्यतीत, वॅलेन्सियाला, रायकोनेनचं इंजिनही तसंच गेलं. म्हणजे हा योगायोग नव्हता, माल खराब होता. तेव्हा एक इंजिन दोन शर्यती पुरवायचं, मिनिटाला १९,००० फेऱ्यांपर्यंत पिळायचं, तर रॉडमध्ये केसाएवढी खोट खपत नाही. पटतं. पण रायकोनेनचा रॉड तुटला तेव्हा तो जिंकण्याच्या आसपासही नव्हता. मासाचा तुटला तेव्हा तो पहिला होता आणि तीन लॅप उरले होते. खराब मालातला कुठला रॉड कुणाच्या इंजिनात बसवला जातो आणि तो ६७ व्या लॅपला तुटतो की शर्यत संपून गॅरेजमध्ये इंजिन उघडल्यावर सापडतो, हे ना मासाच्या हातात, ना मेकॅनिकच्या, ना कारखान्यातल्या कुणाच्या. त्याला दुसरा कुठला शब्द वापरायचा हे मला अजून सुचलेलं नाही.