हरलेल्याचं भाषण

आमच्या बुद्धिबळ मंडळाचा वार्षिक मेळावा डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी फोंड्याजवळच्या एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेत, भरतो. दीपप्रज्वलन, अहवाल, जमाखर्च, पाहुण्यांचे दोन शब्द, सगळं रीतसर होतं. मी सतरा वर्षं हजेरीची वही सांभाळतोय ती त्यानंतरच्या अर्ध्या तासासाठी. वर्षातला एक डाव भिंतीवरच्या मोठ्या पटावर मांडतात आणि जो हरला तोच उभा राहून तो सांगतो. ही पद्धत आमच्या मास्तरांनी घातली. २०१७ साली अनुराग म्हामल गोव्याचे पहिले ग्रँडमास्टर झाले, त्या वर्षी हे ऐकायला लोक दारात उभे होते.

२०२५ च्या मेळाव्याला मात्र वहीत साठ नावं आणि सह्या सव्वीस. महिनाभर आधी बुद्धिबळाचा विश्वचषक बघायला गोव्यातल्याच हडफड्याला धावत गेलेली मंडळी फोंड्यापर्यंत येऊ शकली नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. कारण त्या दिवशी पटापाशी खुद्द मास्तर उभे होते. मंडळाच्या स्पर्धेत त्यांना सातवीतल्या एका मुलीने चौदा चालींत मात दिली होती.

मास्तर म्हणाले, "विश्वविजेता गुकेश आपल्या गोव्यात तिसऱ्या फेरीत हरला. हरण्याची लाज नाही. कुठे हरलो ते कळलं नाही तर लाज." मग त्यांनी डाव लावला. त्यांच्याकडे काळी मोहरी, सुरुवात फ्रेंच बचाव नावाची. त्यांचा उंट बी-४ वर गेलेला (पटाचे उभे स्तंभ ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून एक ते आठ). मुलीने राजापुढचं प्यादं ई-५ वर ढकललं तसा त्यांनी एफ-६ चा घोडा डी-७ वर मागे घेतला आणि पुढच्याच चालीला किल्लेकोट केला, म्हणजे राजा कोपऱ्याकडे नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणला.

"हा घोडा एच-७ आणि एच-५ ही दोन्ही घरं राखत होता. राखणदार हलवला आणि राजाला नेमका त्याच बाजूला नेऊन बसवला. सुरक्षित व्हायची घाई नडली."

पुढचं तर आम्हाला पाठ झालंय. मुलीने उंट एच-७ वर देऊन टाकला, शह. राजाने तो खाल्ला. घोडा जी-५ वर, पुन्हा शह. इथे मास्तर बराच वेळ थांबले. राजा एच-६ वर जाईल तर घोडा हलताच मागचा उंट शह देतो. जी-६ वर काढला तर उघड्यावर येतो, पण लढत असली तर तिथेच. "मी भ्यालो," ते म्हणाले, "आणि जी-८ वर घरी परतलो." वजीर एच-५ वर आला. एच-७ वर मात दिसत होती, म्हणून त्यांनी हत्ती ई-८ वर सरकवून राजाला वाट केली.

मग त्यांनी मुलीला पुढे बोलावलं. "बाय, इथे कोणीही लगेच एच-७ वर शह दिला असता. तू आधी एफ-७ चं प्यादं का घेतलंस गो?"

ती हळू आवाजात म्हणाली, "ते प्यादं राहिलं असतं तर शेवटी जी-७ वरून वजिराचा शह बसला नसता, सर. राजा ई-७ वर निसटला असता."

मास्तरांनी उरलेल्या चाली तिच्याकडूनच करून घेतल्या. वजीर परत एच-५, मग एच-७, एच-८, राजा ई-७ वर, आणि जी-७ वर मात. राजाला जायची घरं त्यांच्याच वजीर, हत्ती, घोडा आणि प्याद्याने अडवलेली. ते त्यांनी एकेका मोहऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. मुलांना शिकवताना ठेवायचे तसंच बोट. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहत्तराव्या वर्षी, आपणच शिकवलेल्या मुलीसमोर, "मी भ्यालो" असं स्वच्छ म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता ज्यांच्यामुळे मेळावा झाला त्यांची आठवण, कोणी राहू नये म्हणून जपून लिहितोय. अग्रशाळा उघडून देणारे देवस्थानचे काका. पहाटे उठून पातळभाजी आणि शिरा करणाऱ्या दोघी वहिनी, आणि पाव आणणारा त्यांचा भाचा. वीज गेली तेव्हा शेजारून इन्व्हर्टर उचलून आणणारे भाऊ. घड्याळांचे सेल बदलणारी, सोंगट्या ओल्या फडक्याने पुसणारी नववीतली मुलं. खुर्च्या परत पोचवणारा टेम्पोवाला, त्याने भाडं घेतलं नाही. माईकवाला. रांगोळी काढणाऱ्या बाई, त्यांचं नाव मागच्या अहवालात राहिलं होतं, त्याची बोच आहे.

आणि चित्रकलेचे सर. मोठ्या पटाचा एक काळा घोडा तीन वर्षांपूर्वी हरवला, तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याचा कापून, रंगवून, मागे लोहचुंबक चिकटवून दिला. एफ-६ वरून डी-७ वर मास्तरांनी नेला तो हाच घोडा. मेळावा संपल्यावर त्या मुलीने तो काढला, कान दुमडला होता तो बोटाने सरळ केला आणि डब्यात सगळ्यांत वर ठेवला.