घरातला माणूस गेल्यावर रडा, पण कागदही करा

मृत्यू घरी झाला असेल तर आधी डॉक्टर बोलवा. कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४अ, त्याच्याशिवाय स्मशानात अडवतात. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. उशीर झाला की विलंब शुल्क, वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंदवताना नाव आधारकार्डाप्रमाणेच लिहा. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' या एका मात्रेपायी बँक परत पाठवते, आणि दुरुस्तीला पुन्हा चकरा. दाखल्याच्या १० प्रती घ्या.

गेलेल्या माणसाचं सिम बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतात. पण त्याच्या एटीएममधून पैसे मात्र काढू नका, मग ते तेराव्याच्या खर्चासाठी का असेनात. उद्या भावंडांत वाद झाला तर तीच नोंद तुमच्या अंगावर येईल.

पासबुक ओळ न् ओळ वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती जीवनज्योती विमा योजना आहे, वारसाला २ लाख मिळतात. २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा, तो अपघाती मृत्यूसाठी. ही रक्कम कोणी घरी आणून देत नाही. नोकरीत असतानाच मृत्यू झाला असेल तर भविष्यनिर्वाह निधीबरोबर ५-आयएफ हा त्याला जोडलेल्या विम्याचा अर्जही भरा. त्या विम्याची मर्यादा ७ लाख आहे, आणि कित्येक घरांना तो माहीतच नसतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेतो, हक्क वारसांचा राहतो. हे आईला आजच समजावून सांगा.