क्रोएशियाच्या बेटावरची आपली हत्तीण

क्रोएशियात नॅशनल पार्क आठ. आमचे तीनच झाले, आणि मला लिहायचंय ते खरं तर त्यातल्या एकाबद्दल, नाही, त्या एकातल्या एका हत्तिणीबद्दल. त्यामुळे बाकीचं आधी पटकन सांगून टाकते.

2019 चा सप्टेंबर. आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे म्युनिकला आले होते आणि आम्ही चौघं गाडी घेऊन निघालो. पहिलं प्लिटवित्से, जे सगळ्यांनी फोटोत बघितलेलं असतं. एकाखाली एक अशी सोळा तळी आणि मधे सगळीकडे धबधबे. सुंदर आहे, फोटोपेक्षा सुंदर आहे, पण गर्दी! पाण्यावरून लाकडी फळ्यांची अरुंद वाट जाते, तिला बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही आणि समोरून सेल्फी स्टिक घेतलेली माणसं येतायत, आईला तर पाण्याकडे बघताच येईना, सगळं लक्ष पायाखाली. पाण्यात उतरायला बंदी आहे आणि ती अगदी बरोबर आहे, कारण तिथले बांध माणसांनी बांधलेले नाहीत, पाण्यातला चुना शेवाळावर बसत बसत ते तयार झालेत आणि अजून होतायत, वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर. हे वाचल्यावर बाबांनी काठावरच्या शेवाळावर बूट ठेवून फोटो काढणाऱ्या एका मुलाला चक्क मराठीत दम दिला. त्याला कळलं बहुतेक, खाली उतरला.

मग क्रका. तिथल्या धबधब्याशेजारी 1895 साली वीज केंद्र सुरू झालं आणि शिबेनिक शहरात विजेचे दिवे लागले, हे बाबांना धबधब्यापेक्षा जास्त आवडलं. आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केलेल्या माणसाचं दुसरं काय होणार. जुन्या केंद्राचे अवशेष बघत उभे राहिले ते हलेचनात.

आणि मग ब्रियुनी. हे नाव क्रोएशियाला जाऊन आलेल्या आमच्या ओळखीतल्या कुणीच घेतलं नव्हतं. इस्त्रियाच्या किनाऱ्यावर फाजाना नावाचं छोटं गाव आहे, तिथून बोटीनं पंधराएक मिनिटं. चौदा बेटांचा मिळून पार्क. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुपेलव्हीझर नावाच्या ऑस्ट्रियन उद्योगपतीनं ही बेटं विकत घेतली तेव्हा इथे मलेरियाचा नुसता कहर होता, तो घालवायला रॉबर्ट कॉख स्वतः आला, तोच क्षयाचा जंतू शोधणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर, क्रोएशिया युगोस्लाव्हियाचा भाग असताना, हे मात्र त्या देशाचे नेते मार्शल टिटोंचं राहायचं ठिकाण झालं आणि सामान्य माणसाला बंद. 1983 मध्ये नॅशनल पार्क झालं.

टिटो म्हटल्यावर बाबा एकदम ताठ बसले. त्यांच्या पिढीला हे नाव घरच्या माणसासारखं आहे, नेहरू-नासर-टिटो हे तीन शब्द ते एका दमातच म्हणतात. नासर म्हणजे इजिप्तचे. जुलै 1956 मध्ये हे तिघं भेटले ते याच बेटावर, आणि पुढे 1961 ला बेलग्रेडमध्ये अलिप्त राष्ट्रांची, म्हणजे अमेरिका किंवा रशिया कुणाच्याच गटात न जाणाऱ्या देशांची, पहिली परिषद झाली. म्युझियममध्ये त्या सगळ्यांचे फोटो आहेत. बाबा नेहरूंच्या फोटोसमोर हात मागे बांधून उभे राहिले, फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाले. त्याच म्युझियमच्या खालच्या मजल्यावर टिटोंना देशोदेशींहून भेट आलेले आणि इथे मेलेले प्राणी पेंढा भरून ठेवलेत. मला तिथे दोन मिनिटंसुद्धा थांबवलं नाही. बाहेर पिंजऱ्यात टिटोंच्या नातीचा काकाकुवा होता, तो मात्र जिवंत आणि चांगलाच बडबड्या.

बेटावर फिरायला छोटी ट्रेन आहे. वाटेत हिरवळीवर हरणांचा कळप दिसला, आई म्हणाली अगं ही आपली चितळं! आणि खरंच चितळं, पाठीवर पांढरे ठिपके, सागरेश्वरला बघतो तशीच. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या काळात कुणीतरी आणून सोडली, ती इथे रमली, वाढली, आता मोकळी फिरतात. आई खूश झाली. त्यांना बघून मलाही बरं वाटलं होतं, हे मुद्दाम लिहितेय कारण पुढचं त्याच्या अगदी उलट होतं.

पुढे सफारी पार्क. झेब्रे, लामा, आपल्याकडच्या वशिंडवाल्या गायी, आणि मग कुंपणामागे हत्तीण. एकटी. गाईडनं सांगितलं, हिचं नाव लंका. इंदिरा गांधींनी टिटोंना 1970 च्या दशकात दोन पिल्लं भेट पाठवली होती, सोनी आणि लंका. सोनी 2010 मध्ये गेला. तेव्हापासून ही एकटी.

मी हे ऐकलं आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. म्हणजे माझा जन्मही झाला नव्हता तेव्हा एक पिल्लू आपल्याकडून निघालं, समुद्रापार आलं, ज्या माणसाला भेट दिलं तो 1980 मध्ये गेला, जिनं पाठवलं ती 1984 मध्ये गेली, ज्या देशाला भेट दिलं तो युगोस्लाव्हिया देशच नकाशावरून गेला, आणि ही अजून इथे उभी आहे. अंगावर माती उडवत होती. कानाच्या कडा गुलाबी पडलेल्या, ठिपके ठिपके, आपल्या म्हाताऱ्या हत्तींचे असतात तसे. हत्तिणी आयुष्यभर आया-बहिणी-मावश्यांच्या कळपात राहणाऱ्या, कित्येक किलोमीटरवर जाणाऱ्या खोल, खर्जात घुमणाऱ्या आवाजात एकमेकींशी बोलणाऱ्या. हिनं आवाज दिला तर उत्तर देणारं त्या बेटावर कुणी नाही.

बाबांनी लहानपणी सांगलीच्या गणपती मंदिराच्या हत्तीला केळी भरवलीयत, हत्ती दिसला की हात जोडणारा माणूस. त्यांनी इथेही जोडले. मग एकदम कन्नड-मराठी मिसळून तिच्याशी बोलायला लागले, आमच्या आजोळी जनावरांशी बोलतात तसं, "ये गं बाई, ये इकडं, बरी हाईस न्हवं." ती आली नाही, पण माती उडवायची थांबली आणि सोंड वर करून आमच्या बाजूचा वास घेतला. बस एवढंच. तिला काही कळलं वगैरे मी म्हणणार नाही. पण बाबांचे डोळे भरले आणि माझेही. ट्रेनमधली माणसं फोटो काढून कधीच परत जागेवर बसली होती, पुढे रोमन अवशेष बघायचे होते. मला राग आला, खराखुरा राग. दोन हजार वर्षांच्या दगडांना कसली घाई, ते कुठे जाणारेत?

तिची आबाळ होतेय असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. अंगानं चांगली भरलेली होती, जागाही कुठल्याही शहरातल्या झूपेक्षा मोठी वाटली. माझा राग पाठवणाऱ्यांवर आहे. पुढारी मैत्री करणार, करारांवर सह्या करणार, आणि त्या मैत्रीची खूण म्हणून एक जिवंत पिल्लू आईपासून तोडून पाठवणार. नेहरूंनीही 1949 ला टोकियोच्या मुलांसाठी हत्तीण पाठवली होती, मुलीचंच नाव देऊन, इंदिरा. शाळेत मला ही गोष्ट फार गोड वाटायची. आता नाही वाटत.

परतीला स्लोव्हेनियाच्या बॉर्डरवर पासपोर्ट तपासणीची भलीमोठी रांग होती आणि त्या रांगेत माझं आणि बाबांचं यावरूनच जुंपलं. बाबांचं म्हणणं, तो काळ समजून घे, युद्धात होरपळलेल्या मुलांना हत्ती बघून हसू आलं असेल तर त्याला काही किंमत आहे की नाही? मी म्हटलं किंमत आहे, पण ती मोजली कुणी? निदान सोनी गेल्यावर तरी हिला सोबत द्यायला हवी होती.

"म्हणजे आणखी एकीला कळपातून तोडून आणायचं?" बाबा म्हणाले.

"नाही, हिला न्यायचं. जिथं चार हत्ती आहेत तिथं."

"आख्खं आयुष्य एका बेटावर काढलेल्या म्हातारीला? बोटीत घालून?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाहीये. तुम्ही ब्रियुनीला गेलात तर ट्रेन वगळून सरळ सायकल भाड्यानं घ्या, बेटावर मिळतात. म्हणजे तिच्यापाशी किती वेळ थांबायचं हे दुसरं कुणी ठरवणार नाही.