रोह्यानं आणलेले फॉलोअर

तर झालं असं की डिसेंबरात हरभरा घाट्यावर आला होता आणि बाबांची कंबर धरली होती म्हणून जागलीला मी जात होतो. आमचं वावर घाटंजीकडं, टिपेश्वरचं जंगल काही फार लांब नाही, त्यामुळे रोही (नीलगाई) न् रानडुकरं रोजचीच, एक रात्र डोळा लागला की सकाळी धुरा ते धुरा साफ. मचाणावर रात्रभर करायचं काय, तर लॅपटॉप घेऊन जायचो (घरी रेंजची एक कांडी आणि मचाणावर तीन, हा आमच्या गावाचा न्याय) आणि तिथंच गेम बनवायचो. गेमचं नावही 'जागल'. एक बॅटरी, एक रिकामा पिपा, एक कुत्रं आणि सकाळपर्यंत पीक वाचवायचं, बस. गोडोट नावाच्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवतोय कारण ते फुकट आहे.

त्याआधी दीड वर्ष मी इंटरनेटवर नुसतं ओरडत होतो. दर शनिवारी स्क्रीनशॉट सॅटर्डेचा हॅशटॅग लावून फोटो टाकायचे, पण त्या हॅशटॅगखाली टाकणारे सगळे आपल्यासारखेच गेम बनवणारे, म्हणजे बाजारात सगळे भाजी विकणारेच आलेत आणि घेणारं कोणी नाही असा प्रकार. दीड वर्षात फॉलोअर किती, ११२. त्यातले निम्मे वर्गातले.

मग एका रात्री बाबा कंबर दुखत असूनही मचाणावर आले आणि मी गेम रेकॉर्ड करत होतो. गेममधला रोही कुंपणावरून उडी मारतो, पण त्या दिवशी कोडमध्ये काहीतरी बिघडलं होतं, तो उडाला तो उडालाच, चारही पाय वर करून हवेत गोल फिरत राहिला. आणि बाबा मागून खरंच ओरडले, "अबे बॅटरी मार ना त्याच्या डोयावर! डोयावर मार! काऊन पाहून राह्यला बे नुसता!" माईक चालू राहिला होता हे मला सकाळी कळलं. नऊ सेकंदांची ती क्लिप मी जशीच्या तशी टाकली, खाली एक ओळ लिहिली आणि झोपलो.

चार दिवसांत नऊ हजार फॉलोअर. मॅसेजवर मॅसेज, भाऊ कुठं खेळायचा, विशलिस्ट (पुढं घ्यायच्या गेमची यादी) कुठं करू, लिंक दे. आणि लिंक कुठाय? लिंकच नाही! स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, गेमचं पेजच उघडलं नव्हतं मी. का, तर गेम टाकायचे १०० डॉलर लागतात, म्हणजे इकडं साधारण क्विंटलभर कापसाचे पैसे, गेमनं १००० डॉलर कमावले की ते परत मिळतात, पण आधी तर खिशातून जातात ना. म्हटलं गेम पूर्ण झाल्यावर भरू. मग धावतपळत पैसे भरले, बँकेचे न् टॅक्सचे फॉर्म, पेज तपासणीला पाठवलं, त्यात दिवस गेले, पेज लागलं तोवर रोही थंड झाला होता. नऊ हजारांतून विशलिस्ट आल्या दोनशेच्या आत. लेका, एवढा माल रस्त्यावर सांडला.

कारण फॉलोअर न् विशलिस्ट यात लय फरक आहे. इन्स्टावरच्या फॉलोअरला आपली पुढची पोस्ट दिसेल की नाही देव जाणे. पण ज्यानं विशलिस्टमध्ये टाकला त्याला गेम आला की स्टीम स्वतःहून मेल पाठवतं, आणि नंतर कधी २० टक्के किंवा जास्त सूट लावली तर परत पाठवतं. रिलीजच्या निदान दोन आठवडे आधी पेज लावावंच लागतं, पण ते झालं कमीत कमी. वर्षभर आधी लावलं तरी कोणी अडवत नाही.

'अमंग अस' या गेमचं बघा ना, २०१८ ला आला, कोणी विचारलं नाही, २०२० मध्ये लाईव्ह खेळून दाखवणाऱ्या स्ट्रीमरनं उचलला आणि जग येडं झालं. लोक म्हणतात नशीब. असेल, पण लोक आले तेव्हा गेम तिथं दुकानात होता. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'चंही तेच, डिसेंबर २०२१ ला अर्ली ॲक्सेसमध्ये (म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला) तीनेक डॉलरला ठेवलेला, जानेवारीत युट्युबवाल्यांनी खेळून दाखवला आणि बघणाऱ्यानं तिथल्या तिथं घेतला.

मोबाईलवरही, म्हणजे गुगल प्लेवर, टाकायला गेलो होतो. २५ डॉलर एकदाच, ते ठीक, पण नवीन वैयक्तिक खात्याला १२ टेस्टर सलग १४ दिवस ठेवावे लागतात. गावातली बारा पोट्टी जमवली, चहा पाजला, आणि दहाव्या दिवशी एकानं फोनमधली जागा भरली म्हणून गेम उडवला न् टेस्टिंगमधूनही बाहेर पडला. तेराव्याला आधीच का घेतला नाही म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या.

आता स्टीम नेक्स्ट फेस्ट आहे, म्हणजे यायच्या गेमचे डेमो लोकांना फुकट खेळायला ठेवायचा स्टीमचा मेळा. फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर असा वर्षातून तीनदा होतो, पण एका गेमला एकदाच जाता येतं. जूनला जावं तर पेरणीची गडबड, म्हणून ऑक्टोबर पकडलाय. डेमोसाठी बाबांचा आवाज नीट रेकॉर्ड करायला बसलो तर ते एकदम रेडिओवाल्यासारखे बोलायला लागले, "बॅटरी डोळ्यावर मारावी." मग ती जुनीच क्लिप कापून गेममध्ये टाकली, मागं कुत्र्याचं भुंकणं आहे तेही तसंच ठेवलं.

काल बाबा म्हणाले तो आवाज काढून टाक, आर्णीच्या सोयऱ्यायनं पाह्यला म्हणे. मी हो म्हटलं. काढणार नाहीये.