फुकेतला जायचं तर आधी समुद्राची वेळ बघा

थायलंडच्या फुकेतहून परत आल्यापासून ऑफिसात, सोसायटीत जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो की पॅकेज कितीला पडलं. मी म्हणते ते सांगते, पण आधी तू सांग कुठल्या महिन्यात जायचं डोक्यात आहे. बहुतेक जण म्हणतात मुलांना सुट्टी असेल तेव्हा, म्हणजे मे संपता संपता नाहीतर गणपतीला जोडून, आणि तिथेच मला राहवत नाही कारण हे मी स्वतः भोगलंय.

२०१७ मध्ये आम्ही जुलैत गेलो होतो. पुण्यातल्याच एका एजंटने स्वस्तात दिलं, हॉटेल छान, नाश्ता छान, पण फुकेतच्या बाजूच्या अंदमान समुद्रात साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य मान्सून असतो, म्हणजे आपलाच पाऊस, हे त्याने एका शब्दाने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोन दिवस बोट सुटलीच नाही. तिसऱ्या दिवशी सुटली तेव्हा लाटांवर अशी आपटत गेली की लेक (तेव्हा पाच वर्षांचा) माझ्या मांडीत रडून रडून झोपला, आणि फी फी बेटांमधल्या माया बे या छोट्या आखाताच्या तोंडाशी जाऊन बोट तशीच मागे वळली. किनाऱ्यावर रोज लाल झेंडे. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही, गुडघाभर पण नाही, तिथे परतीचा प्रवाह माणसाला सरळ आत ओढून नेतो. पाण्यासमोर चार दिवस नुसते बसून आलो.

यावेळी म्हणून जानेवारीत गेलो. मी, नवरा, लेक आता तेरा वर्षांचा, आणि आई. आईचं माहेर हर्णैचं. लग्न होऊन पुण्यात आली त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली पण समुद्र तिच्या अंगातून गेलेला नाही. तिला नेण्याबद्दल घरात बरीच चर्चा झाली, गुडघे, बीपी, बोटीत चढणं उतरणं, पण शेवटी तीच म्हणाली अगं मी होडीतून शाळेत जायचे, मला काय सांगतेस. मुंबईहून थेट विमान आहे, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे करायचं, एवढंच.

आता मुख्य सांगते. तिथे जेवढ्या गोष्टी केल्या त्यात सगळ्यात वरचा नंबर फांग ना खाडीतल्या कयाकिंगचा. फुकेतच्या ईशान्येला ही खाडी आहे आणि तिच्यात पाण्यातून सरळसोट उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, काळा, थरावर थर असलेला, पाणी त्याच्यावरून धबधबा होऊन पडतं. चुनखडी पाण्यात विरघळते, त्यामुळे हे डोंगर आतून पोखरले गेलेत, आणि काहींचं छत कधीतरी कोसळून आत गोल विहिरीसारखी जागा तयार झालीये, चारी बाजूंनी कडे, वर आकाश, खाली समुद्राचं पाणी. तिला तिकडे हाँग म्हणतात, थाईमध्ये हाँग म्हणजे खोली. आत जायला वाट एकच, डोंगराच्या पायातली गुहा, आणि ती गुहा ठरावीक वेळच उघडी असते. पाणी फार चढलं की वाट बुडते, फार उतरलं की कयाक चिखलात रुतते.

कयाक आपण वल्हवायची नसते, मागे गाइड बसतो. आमचा गाइड चाळिशीतला, आईला पहिल्या मिनिटापासून मॅ म्हणायला लागला. मॅ म्हणजे आई. गुहेच्या तोंडाशी आल्यावर त्याने आधी खडकावरची ओली रेघ बघितली, मग आत टॉर्च मारला, आणि म्हणाला दहा मिनिटं, त्याच्या वर नाही. पाणी चढत होतं. मग सगळ्यांना कयाकमध्ये पाठीवर आडवं व्हायला सांगितलं, हात आत, डोकं खाली, कोणी उठायचं नाही.

आत काळोख. वटवाघळांचा उग्र वास, पाण्याचा कयाकखाली डुबुक डुबुक आवाज, आणि टॉर्चच्या उजेडात नाकासमोर वीतभर अंतरावरून सरकत जाणारं छत. त्या छतावर कालवं चिकटलेली, दाट, धारदार, ओली. गाइड हाताने छताला रेटा देऊन कयाक पुढे सरकवत होता, वल्हं फिरवायला जागाच नव्हती. मी श्वास धरून पडले होते, आणि पुढच्या कयाकमधून आईचा आवाज आला, अगं कालवं बघ केवढी लागलीयेत, म्हणजे भरतीला पाणी इथवर येतं. मला तोपर्यंत ते सुचलंच नव्हतं. मी घाबरून आडवी पडले होते आणि आई त्याच अंधारात छत वाचत होती.

मग एकदम उजेड. आत खारफुटी, तिची मुळं पाण्यात उभी, कड्यांवर हिरवळ लोंबतेय, आणि शांतता अशी की लेकसुद्धा कुजबुजत बोलायला लागला. चिखलावर टुणटुण उड्या मारणारे छोटे मासे होते, मी मोबाईलवर नाव शोधेपर्यंत आई म्हणाली निवट्या आहेत त्या, आमच्याकडे खाडीत असतात. गाइडला काही कळलं नाही पण त्याने त्यांच्या उड्यांची नक्कल करून दाखवली आणि दोघं हसले. बरोबर आठव्या मिनिटाला त्याने कयाक फिरवल्या. बाहेर पडताना छत आणखी खाली आलेलं, म्हणजे पाणी वर गेलेलं, मला स्वतःला फरक जाणवला. आमच्यानंतर आलेल्या दुसऱ्या बोटीच्या लोकांना गाइडने आत सोडलं नाही. ते चिडले, पैसे भरलेत वगैरे, पण गाइड बरोबर होता. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग सकाळीच का असतं तर वरच्या वीज प्रकल्पातून पाणी तेव्हा सुटतं म्हणून, तिथे कोणी भांडत नाही की मला चार वाजता करायचंय. इथे तर पाणी सोडणारा चंद्र आहे.

रात्री आईने हिशोब मांडला. कोकणात जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्या दिवशी षष्ठी होती, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे आपल्या किनाऱ्याला साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. फुकेतला ही वेळ जशीच्या तशी लागू होत नाही, तिथला तक्ता वेगळा, तो नेटवर मिळतो आणि चांगले ऑपरेटर तो बघूनच निघायची वेळ ठरवतात. पण मुद्दा असा की उधाण (मोठी भरती-ओहोटी) आहे की भांग (लहान भरती-ओहोटी), भरती कधी, हे बघून कुठल्या दिवशी कयाकिंग आणि कुठल्या दिवशी डोंगरावरचं काही करायचं ते ठरवा. बुकिंग करताना सरळ विचारा की आमच्या तारखेला हाँगच्या आत जाता येईल का आणि किती वाजता. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडे बुक करू नका.

त्याच ट्रिपमध्ये जेम्स बाँड बेट असतं, १९७४ च्या बाँडपटात दिसलेलं. समोर पाण्यात उभा असलेला तो सुळका म्हणजे को तापू, तापू म्हणजे खिळा, आणि खरंच वर जाड आणि खाली निमुळता, उलटा ठोकल्यासारखा. गर्दी भयंकर, वीस मिनिटं पुरतात. त्यापेक्षा को पान्यी गावात वेळ द्या. अख्खं गाव पाण्यात खांबांवर उभं आहे, मुस्लिम कोळ्यांची वस्ती, मशीद आहे, शाळा आहे. खेळायला जमीनच नाही म्हणून १९८६ मध्ये तिथल्या पोरांनी जुनी लाकडं आणि तराफे जोडून पाण्यावर फुटबॉलचं मैदान केलं होतं, हे ऐकून लेक तिथून हलायला तयार नव्हता. आणि आई सुक्या मासळीच्या दुकानापुढून हलायला तयार नव्हती, सोडे हातात घेऊन, मोडून, वास घेऊन बघत होती, दुकानदार बाई तिला दुसऱ्या पिशवीतले चांगले काढून दाखवत होती, दोघींना एकमेकींची भाषा शून्य.

फी फीला यावेळी नीट गेलो. स्पीडबोटीत मागे बसा, पुढच्या भागात आपटी जोरात बसते, पाठीचं दुखणं असेल तर पुढे बसूच नका, आईला मी इंजिनाजवळ बसवलं. माया बे २०१८ च्या जूनमध्ये बंद केला होता, दिवसाला हजारो माणसं आणि बोटींचे नांगर यांनी प्रवाळ मेलं होतं. मग तिथे प्रवाळाची रोपं लावली आणि २०२२ च्या जानेवारीत परत उघडला. आता बोटी पुढून वाळूवर येत नाहीत, मागच्या बाजूला तरंगत्या धक्क्यावर उतरून लाकडी वाटेने चालत जायचं, पाण्यात पोहायचं नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबर दोन महिने दरवर्षी बंद. काही लोक कुरकुर करत होते की एवढे पैसे भरून पोहायला पण नाही. मला तर आनंद झाला. उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क फिरताना आम्ही काठावरून बघितले, ते परत आलेत ते माणसं बाहेर ठेवली म्हणूनच. पोहायला पिले लगूनमध्ये थांबवतात, तिथे मनसोक्त डुंबा.

स्नॉर्केलिंग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये प्रवाळाला मारणारी रसायनं असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहे. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट ही नावं ट्यूबवर बघा. आम्ही सरळ पूर्ण बाह्यांचे स्विमिंगचे टीशर्ट नेले, लक्ष्मी रोडवर मिळतात, उन्हाचा पण प्रश्न मिटला. आणि टिळक तलावावर पोहायला शिकलोय म्हणून लाइफ जॅकेट नको असं कोणी म्हणू नका, समुद्रात खाली तळ नसतो आणि बाजूला कठडा नसतो. लेक तलावात दोन दोन तास पोहतो, तरी त्याला जॅकेटशिवाय उतरू दिलं नाही.

झिपलाइन कथूच्या बाजूच्या जंगलात केली. नवरा ट्रेकिंगवाला, दर रविवारी सिंहगड, आणि रॅपलिंग शिकवलेला माणूस, त्यामुळे त्याने आधी सगळं बघितलं, हार्नेसचे पट्टे कमरेवर हाडाच्या वर बसलेत का, कॅराबिनरचं (दोरी अडकवायच्या कडीचं) लॉक फिरवून बंद आहे का, आणि एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जाताना एक दोरी सोडायच्या आधी दुसरी अडकवतात का. करत होते, तेव्हाच लेकाला पुढे सोडलं. हे विचारायला लाजू नका, तिथले चांगले लोक उलट खूश होऊन दाखवतात. पॅरासेलिंग मात्र आम्ही केलं नाही. पातोंगच्या किनाऱ्यावर मी बघितलं की टुरिस्टला उचलताना तिथला पोरगा नुसता दोऱ्यांना धरून वर बसतो, त्याला स्वतःला काहीच बांधलेलं नाही, आणि आपल्या दोन मिनिटांच्या मजेसाठी तो जीव टांगून घेतो हे मला सहन झालं नाही. स्कूटर पण नाही घेतली, आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला नव्हता आणि त्याशिवाय काही झालं तर विमावाले हात वर करतात. पातोंगच्या वरचा घाट चढाचा आणि वळणांचा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

खाण्याचं एवढंच की पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं तर तिथे ‘जे’ जेवण मिळतं, ‘जे’ म्हणजे मांस-मासे-अंडं तर नाहीच पण कांदा-लसूण पण नाही. आईचा सोमवार तिथे पार पडला. बाकी ठिकाणी भाजीतसुद्धा फिश सॉस असतो, विचारून घ्या.

शेवटच्या संध्याकाळी कमलाच्या किनाऱ्यावर बसलो होतो. तिथे त्सुनामीची निळी पाटी आहे, लाट आणि उंचावर पळणारा माणूस. लेकाने विचारलं म्हणून सांगितलं, २६ डिसेंबर २००४, आणि त्या दिवशी इथल्याच माय खाओ किनाऱ्यावर दहा वर्षांच्या एका इंग्लिश मुलीने पाण्याला फेस येतोय आणि ते विचित्र वागतंय हे ओळखलं, दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला शिकली होती, तिने आईबाबांना सांगितलं आणि किनारा रिकामा झाला. लेक बराच वेळ गप्प. मग उठून तो पाटीवरचा बाण कुठल्या रस्त्याला जातो ते चालत जाऊन बघून आला, आजीला म्हणाला वर टेकडी आहे, मी तुझा हात धरेन.

घरी पोचल्यावर आईने पहिला फोन हर्णैला मावशीला लावला. विमान नाही, हॉटेल नाही, माया बे नाही. बॅगा तशाच हॉलमध्ये, आणि ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हातवारे करून सांगतेय, अगं नाकाला लागतील एवढ्या जवळ कालवं, अशी मोठी मोठी, आणि हात आत ठेवायला सांगितलेला, एक पण काढता आलं नाही.